गाडी कुठे लावायची

खान्देशातल्या गावात पाय ठेवला की पहिला प्रश्न पाण्याचा येतो, "पाणी घेता ना?" आणि दुसरा आडनावाचा. तिसरा सहसा येतच नाही. दुसऱ्याच्या उत्तरात त्याचंही काम झालेलं असतं.

२०२१ च्या नोव्हेंबरात मी चाळीसगाव तालुक्यातल्या तितूर नदीकाठच्या एका गावात गेले होते. गावाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. एसटीचा संप नुकताच पेटलेला, त्यामुळे भाड्याची पांढरी गाडी करून जावं लागलं. ड्रायव्हरने सावली बघितली आणि एका मोठ्या निमाखाली गाडी लावली. ज्यांच्या दारातला तो निम, ते आप्पा धोतराचा सोगा सावरत बाहेर आले. "या ताई, बसा." खुर्ची आली, तांब्या आला, आडनाव विचारून झालं आणि चहाही आला. मी तो घेतला. त्या कपभर चहाने माझं अर्धं काम तिथेच बिघडलं होतं, पण ते कळायला मला संध्याकाळ उजाडावी लागली.

त्या वर्षी ३० ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. रात्री पाऊस लागला तो थांबेना. ३१ तारखेला तितूर आणि डोंगरी दोघी एकदमच फुगल्या, चाळीसगाव शहरात बाजारपेठेपर्यंत पाणी शिरलं, कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या आणि धुळे-सोलापूर रस्ता बंद झाला. पोळा आठवड्यावर आलेला. झुली, गोंडे, शिंगांचा रंग आणून ठेवलेला आणि गोठ्यातली जनावरं दाव्यासकट गेलेली. अडीच महिन्यांनी मी गेले तेव्हा माणसं पडलेल्या भिंतीबद्दल अगदी हिशेबाच्या सुरात बोलत होती. बैलाचा विषय निघाला की मात्र बोलणारा उठून पानाची पिचकारी टाकायला जायचा आणि बराच वेळ परत यायचा नाही.

पुरानंतर एका संस्थेने त्या पट्ट्यातल्या काही गावांना थोडी थोडी रक्कम दिली होती. ती कशावर खर्च करायची ते गावाने ठरवायचं, गावानेच समिती करायची, हिशेबही गावानेच चौकात लावायचा. ही रीत मला मनापासून पटते. पुराच्या रात्री बाहेरचं कोणी येत नाही. दोर टाकतो तो शेजारी, आणि म्हातारीला पाठंगुळीला घेऊन शाळेच्या गच्चीवर चढवतो तो गावातलाच कोणीतरी पोरगा, ज्याला एरवी सगळे उनाड म्हणतात. मग पैसे आल्यावर ठरवणारे बाहेरचे का? जगातल्या मोठ्या देणगीदारांनाही हे पटलं होतं, निदान कागदावर. २०१६ साली इस्तंबूलला जागतिक परिषद भरली, तेव्हा त्यांनी कबूल केलं की संकटातल्या मदतनिधीचा चौथा हिस्सा २०२० पर्यंत शक्य तितका थेट स्थानिक हातात देऊ. २०२० आलं आणि गेलं. चौथा हिस्सा काही पोचला नाही.

माझं काम होतं या गावांनी काय केलं ते पाहून अहवाल लिहिण्याचं. कागदावर दोन जड शब्द होते, 'संघर्ष-संवेदनशीलता' आणि 'समावेशन'. पहिला शब्द गावात उच्चारला की लोकांना वाटतं पोलीस आले. दुसरा उच्चारला की ग्रामसेवक उठतो आणि महिलांच्या सह्यांचं रजिस्टर काढून दाखवतो. म्हणून मी हे शब्द गाडीतच ठेवते आणि सरळ विचारते, "मदतीवरून कुणाकुणात वाजलं?" आणि "कोण रुसलं?"

हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकलेले नाही. माझी अमळनेरची आत्या लग्नावरून आली की आई तिला विचारायची, "कसं झालं?" आत्या बट्टी खुसखुशीत होती की नाही, वरणावर तूप किती होतं, यातलं काही सांगायची नाही. ती सांगायची पहिल्या पंगतीला कोण बसलं, व्याह्याच्या कोणत्या भावाला टोपी-उपरणं द्यायचं राहिलं, दुसऱ्या पंगतीला उठा म्हणायला कोण आलंच नाही, आणि शेवटी पत्रावळी उचलणाऱ्या बायांना वांग्याची भाजी उरली होती की नुसता रस्सा. तिच्या लेखी लग्न म्हणजे हेच, बाकी सगळा मांडव. आत्याला कोणी मूल्यमापनाचे पैसे दिले नाहीत, हा आमच्या क्षेत्राचा तोटा.

तर आप्पा. आप्पा समितीचे अध्यक्ष निघाले. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. पुराच्या रात्री त्यांनी स्वतःचा ट्रॅक्टर पाण्यात घातला होता आणि तो अजून दुरुस्तीला पडलेला होता. समितीत अकरा जण, पैकी चार बाया. चौघींपैकी दोघी बोलत होत्या, एक नवऱ्याकडे बघून बोलत होती आणि एकीच्या जागेवर तिचे 'मिस्टर' बसले होते. हे महाराष्ट्रात इतकं सर्वत्र आहे की त्याची नोंद करतानाही हात कंटाळतो. हिशेब चोख होता. गावाच्या पाण्याची मोटार बुडाली होती ती काढून बसवली, शाळेचा गाळ उपसला, पंधरा दिवस सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक चालवला, आणि विहिरीचं पाणी नासलं म्हणून टँकरचं पाणी साठवायला पाराजवळ एक मोठी काळी टाकी बसवली, नळ लावून.

टाकीपाशी मी पावलं मोजली. अशा कामाची काही जागतिक मापं ठरलेली आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लीटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं, आणि घरापासून नळ ५०० मीटरच्या आत. माझ्या मोजणीत गावाचं शेवटचं घरसुद्धा चारशेच्या आत बसत होतं. मी समाधानाने तसं लिहून घेतलं. (भास्कराचार्यांच्या पाटणचा हा तालुका, इथे आकडेमोड चुकून चालायची नाही.)

शेवटची घरं म्हणजे भिलाटी, भिल्लांची वस्ती. नदीच्या अगदी अंगाला, पूर आला की पहिली तीच. दुपारी ऊन चांगलंच तापलेलं म्हणून ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, गाडीनेच जाऊ." गेलो. एका दारात एक बाई कापसाची बोंडं सोलत बसली होती. जागा पाहून गाडी तिच्याच दारापुढे थांबली. तिचा नवरा गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. मी टाकीचं विचारलं. ती म्हणाली, "पानी त् शे ताई, पन वाट कोनी शे?"

पाणी तर आहे, पण वाट कोणाची आहे?

पाराकडे जायची वाट मोठ्या आळीतून जाते. आळीत ओट्यावर माणसं बसलेली असतात. कोणी काही बोलत नाही, म्हणजे बोललं असं दाखवता येणार नाही इतपतच बोलतात. हंडा लावला की मागची बाई आपला हंडा जरा मागे ओढते. एखादी नळ धुऊन घेते. त्यामुळे भिलाटीतल्या बाया रात्री जेवणं झाल्यावर जायच्या, चारचौघी मिळून, पोरांना घरी कोंडून. माझे चारशे मीटर बरोबर होते. फक्त ते दिवसा बरोबर होते.

मग यादी. घराच्या नुकसानीपोटी समितीने प्रत्येक पडक्या घराला काही सामान दिलं होतं, पत्रे आणि भांडी. यादी कशावरून केली? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, ज्यात घरपट्टीची नोंद असते. आता हे ऐकायला किती सरळ वाटतं पहा! वशिला नको, कोणाच्या तोंडाकडे पाहणं नको, रजिस्टरमध्ये नाव असेल त्याला द्या. पण भिलाटीतली निम्मी घरं गायरानावर, म्हणजे अतिक्रमण, म्हणजे रजिस्टरला नाहीत. सरकारी पंचनाम्यात शेताचं नुकसान सातबाऱ्यावर लिहिलं जातं आणि सालदाराचा सातबारा नसतो. त्याचं वर्ष आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया चालतं, त्याची उचल मालकाच्या वहीत असते, त्याचा दाणागोटा त्या घरात असतो जे घर कागदावर नाही. पूर त्याच्या घरात शिरला, पण रजिस्टरप्रमाणे तिथे शिरायला घरच नव्हतं. समितीने कोणाला मुद्दाम वगळलं नाही. त्यांनी फक्त जुनं रजिस्टर वापरलं आणि वगळण्याचं काम आपोआप झालं.

ती बाई मला हे सांगत होती आणि मी वहीत भराभर लिहीत होते. मला फार आनंद झाला होता, हे मी आज लाजून कबूल करते. मूल्यमापन करणाऱ्याला खोट सापडली की जो आनंद होतो तो तब्येत पाहणाऱ्या डॉक्टरचा नसतो, वस्तू हरवलेली सापडल्याचा असतो.

संध्याकाळी ग्रामपंचायतीत बैठक. पन्नासेक माणसं. मी आप्पांचं, समितीचं तोंडभरून कौतुक केलं आणि मग मला सुचला तो प्रश्न विचारला, की नदीकाठच्या वस्तीतली काही पडकी घरं यादीत दिसत नाहीत, त्यांचं काय? आवाज मऊ ठेवला होता. नाव कोणाचंही घेतलं नव्हतं. बैठक क्षणभर गप्प झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, ते तर नियमातच नाही बसत." आप्पा म्हणाले, "बघू, करू काही." भिलाटीतले दोघे दाराजवळ उभे होते, ते बाहेर निघून गेले. आणि एका तरुणाने हसत विचारलं, "सकाळी आप्पाकडे चहा घेतला, दुपारी तिकडे घेतला का मॅडम?" हशा झाला. मीही हसले. दुपारी तिकडे मला कोणी चहा विचारला नव्हता आणि मी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, हे मला त्या हशात आठवलं.

डिसेंबरात तिथल्या आशाताईंचा फोन आला. त्या बाईला कापूस वेचणीला बोलावणं बंद झालं होतं. शेतावर गेली की म्हणायचे, जा, पांढऱ्या गाडीवालीच्या वावरात वेच. तीन आठवडे ऐन वेचणीत ती घरी बसली, आणि ज्या घरात सालदाराची उचल फिटायची असते त्या घरात तीन आठवड्यांची वेचणी म्हणजे काय, हे कापूसपट्ट्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी नाव घेतलं नव्हतं. गाडीने घेतलं होतं.

या विषयावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मेरी अँडरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९९० च्या दशकात युद्धग्रस्त देशांतल्या मदतकार्याचा अभ्यास करून दाखवलं की मदत कधीच तटस्थ नसते. धान्याचं पोतं कोणाच्या गोदामात उतरतं, ट्रक कोणाचा लावतात, पहारेकरी कोणत्या टोळीचा ठेवतात, यातून भांडण वाढतं किंवा निवतं. माणसांना तोडणाऱ्या गोष्टी कोणत्या आणि जोडणाऱ्या कोणत्या ते आधी ओळखा, मग हात घाला, असं त्यांचं सांगणं. हे मी स्वतः इतरांना शिकवलं आहे, फळ्यावर दोन रकाने आखून. पण त्या फळ्यावर मी मूल्यमापन करणाऱ्या बाईची गाडी कधी लिहिली नव्हती. मला वाटायचं पोतं म्हणजे मदत आणि प्रश्न म्हणजे फक्त प्रश्न. गावात प्रश्नही पोत्यासारखाच कोणाच्या तरी दारात उतरतो.

आणि अनोळखी माणूस वही घेऊन वस्तीत फिरतो तेव्हा काय काय होऊ शकतं, हे खान्देशाला सांगायची गरज नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी मोबाइलवरची अफवा, एवढंच कारण. त्यानंतर कित्येक दिवस आमच्यातले लोक गावात शिरण्याआधी पोलीस पाटलाला फोन करत. तो फोन आपल्या जिवासाठी होता, आणि ते योग्यच आहे. मात्र आपण निघून गेल्यावर मागे राहणाऱ्या माणसाच्या जिवासाठी कोणता फोन करायचा, याची पद्धत आमच्यात कोणी घालून दिलेली नव्हती.

अहवालात समावेशनाला चारपैकी किती गुण द्यायचे असा रकाना होता. मी तीन दिले. वेचणीची गोष्ट लिहिली नाही, कारण लिहिली तर संस्था समितीला विचारणार, समिती त्या बाईला. न लिहून मी तिला वाचवलं की स्वतःला, याचा निकाल अजून लागलेला नाही.

पूर्वीचं सगळं छान होतं अशातली मी नाही, पण संकटाची वाटणी आधीच ठरवून ठेवायची कला आपल्याकडे होती. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून फड पद्धतीने शेती व्हायची, तीनेकशे वर्षांची ती रीत. सगळ्या भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि साधारण प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असायचा. पाणी कमी पडलं की एक अख्खा फड कोरडा ठेवायचा. म्हणजे टंचाई कुण्या एकाच्या डोक्यावर पडत नाही, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर देखरेखीला हवालदार. भांडण होणार हे धरूनच बांधलेली रचना. मला तिचं फार कौतुक आहे. आणि तरीही, पाटकऱ्याचा आणि जागल्याचा स्वतःचा तुकडा त्या फडात असायचा का, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. ज्याची जमीन त्याचा वाटा. सालदार तिथेही बांधावरच.

आमच्या घरची कानबाई आठवते. श्रावणात रोट असतात, सगळी भाऊबंदकी एकत्र जेवते, आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजून घेतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, माझी मूठ कुठे? आजी म्हणाली, तू खाशील ना, मग झालं. खायला मिळत होतं, मोजणीत नव्हते. समावेशन या विषयावर मी नंतर जे काही वाचलं त्यात याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

त्याच वर्षी सातपुड्यात एक वेगळी गोष्ट पाहिली. अक्राणी तालुक्यातला एक पाडा. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिथल्या पावरा पोरांनी गट करून धान्य वाटलं होतं, याच प्रकारच्या छोट्या निधीतून. आधी त्यांनी आजारी घरांची यादी केली. आजारी घराला आधी धान्य, बाकीच्यांना नंतर. कोणत्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. दोन दिवसांत एका घराकडे लोक बघेनासे झाले. घरात एकटी म्हातारी, आजार पहिल्यांदा तिच्या घराजवळ दिसला, आणि कुजबुज सुरू झाली ती डाकिणीची. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण तो डोंगर चढून येईपर्यंत रात्र होते.

पोरांनी यादी फाडली. मग पाड्याच्या एका टोकाकडून सुरुवात करून प्रत्येक घरी, आजारी असो नसो, सारखंच धान्य नेऊन दिलं. तिथली घरं एकाला एक लागून नसतात, प्रत्येक आपापल्या वावरात, टेकडीवर. पाठीवर पोतं घेऊन चार दिवस चालले. म्हातारीच्या घरी तिच्या पाळीला गेले, आधीही नाही, नंतरही नाही. त्यातल्या एकाला मी विचारलं, हे कसं सुचलं? तो म्हणाला, "यादीत नाव आलं की ते नाव सगळेच वाचतात." बारावी नापास पोरगा, आणि मी फळ्यावर रकाने आखणारी.

गंमत अशी की माझ्या नमुन्यात या गटाचे गुण कमी आले. गरज नसलेल्या घरांना धान्य का दिलं? साठा लवकर का संपला? कार्यक्षमतेच्या रकान्यात ते बसेना. इतर पाच-सहा निकषांत हे काम कसं उभं राहतं ते मी पानभर लिहिलं. ते पान कोणी वाचलं की नाही, देव जाणे. गुणांचा तक्ता मात्र सगळ्यांनी वाचला असणार.

तितूरकाठच्या गावातही जोडणारं काही होतं, फक्त ते समितीच्या रजिस्टरमध्ये नव्हतं. पुरात गावातल्या तीनपैकी दोन पिठाच्या गिरण्या बुडाल्या. मोहल्ल्यातली एक गिरणी जरा उंचवट्यावर होती, ती तेवढी वाचली. महिनाभर सगळं गाव तिथे दळायला जायचं. मोठ्या आळीतल्या बाया, बौद्धवाड्यातल्या, भिलाटीतल्या, सगळ्यांचे डबे एका रांगेत. पिठाला कोण कसा विटाळ धरणार, एकाचं उरलेलं पीठ दुसऱ्याच्या डब्यात पडतंच. गिरणीवाले चाचा कोणाचा डबा कोणाच्या आधी लावायचा यावर फार कडक होते, आला तसा. मी त्या गिरणीत तासभर बसले होते. वाजलं का, रुसलं का, हे विचारायची गरजच पडली नाही, कारण गिरणीच्या आवाजात विचारलेलं ऐकूही आलं नसतं. नंतर आळीतली गिरणी दुरुस्त झाली, समितीच्याच पैशातून. खरोखर उपयोगी काम. दुरुस्ती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रांग मोडली.

एप्रिलमध्ये, आखाजीला पंधरा-वीस दिवस असताना, मी पुन्हा गेले. कोणी पाठवलं नव्हतं. गाडी या वेळी गावाबाहेर शाळेच्या पटांगणात लावली आणि चालत निघाले. पार ओलांडून नदीकडे वळले तर भिलाटीच्या तोंडाशी एक नवी टाकी. पहिलीपेक्षा लहान, पण नळ पितळी, खाली सिमेंटचा ओटा. आप्पांनी शब्द पाळला होता. "करू काही" म्हणाले होते ते केलं होतं, समितीत उरलेल्या पैशांत स्वतःचे थोडे घालून.

मला आईची एक आठवण आली. १९७२ च्या दुष्काळात ती दहा-बारा वर्षांची, खडी फोडायला आजीबरोबर जायची. मिलोच्या लाल भाकरी, सुकडीची रांग, हे तिचं सगळं सांगून झालं की ती न चुकता म्हणायची, खडीवर सगळे सारखेच बसलेले गं, पण माठ दोन होते. एक आपला, एक त्यांचा. पाणी वाढायला ठेवलेली बाई आपल्यातलीच. पन्नास वर्षांनी इथे माठाच्या जागी टाक्या होत्या, आणि दुसरी टाकी मी विचारलेल्या प्रश्नाने आणली होती. अहवालासाठी फोटो काढला तर तो समावेशनाच्या रकान्यात उत्तम बसला असता. नळामागे माणसं कमी, अंतर कमी, वंचित वस्तीला थेट लाभ.

ती बाई ओट्यावरच हंडा भरत होती. मी म्हटलं, दुसरी टाकी झाली म्हणजे आता पारावर जायलाच नको. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. म्हणाली, रात्रीचं जाणं वाचलं, पोरं कोंडावी लागत नाहीत. मी गप्प राहिले. तिला जे वाचलं होतं त्याच्यापुढे माझे दोन माठ फार लांबचे होते, आणि तरी ते मला दिसायचे थांबत नव्हते. नवऱ्याचं काय, विचारलं. या आखाजीला मालक बदलणार म्हणाली, पलीकडच्या गावातला. वेचणीचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. माफी मागायची म्हणून आले होते, पण टाकीपाशी चार बाया उभ्या, त्यांच्यापुढे माफी मागणं म्हणजे परत तेच, परत तिच्या दारात गाडी.

मी पाणी मागितलं. तिने हंड्यातून तांब्या भरून दिला. मी तो उभ्याउभ्याच प्यायले. मग ती पुढे झाली, माझ्या मागे वाटेकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं,

"ताई, गाडी कोठे लायी?"

शाळेत, मी म्हटलं.

तिने हंडा डोक्यावर चढवला. "मंग बठा घडीभर," म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.